चावी फिरवल्यावरची टिकटिक

चावी फिरवली, इंजिन अजून सुरूही केलेलं नाही, आणि बॉनेटखालून आवाज येतो: टिक-टिक-टिक-टिक. हळूहळू लय विलंबित होते, शेवटचे दोन ठोके सुटे पडतात आणि सगळं शांत होतं. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या एमजी टीसी या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारच्या एसयू पेट्रोल पंपाचा हा आवाज. मला तिच्या १२५० सीसी इंजिनापेक्षा तो अधिक आवडतो, कारण त्यात गाडीची तब्येत ऐकू येते.

या पंपात वीज फक्त पडदा मागे खेचते. पेट्रोल पुढे ढकलते ती स्प्रिंग. दोन्ही कार्ब्युरेटरांचे फ्लोट चेंबर भरले, त्यांची तोंडं बंद करणाऱ्या निडल बसल्या, की पेट्रोलला पुढे जायला वाव उरत नाही. पडदा जागीच अडतो, पंपातले विजेचे पॉइंट उघडे राहतात आणि ठोका थांबतो. ती शांतता म्हणजे धरून ठेवलेला दाब. इतक्या साध्या रचनेतून इतकं बोलकं मौन निघावं, यातच तिचं सौंदर्य आहे.

झाशीच्या प्रेम नगरात, मे महिन्याच्या भाजून काढणाऱ्या दुपारी, अशीच एक टीसी अडली होती. मैल-दोन मैल गेलं की खोकायची आणि बंद पडायची. आधीच्या एका गॅरेजात कार्ब्युरेटर तीनदा उघडून झाले होते. इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला. म्हणाले, "पहले सुन लो, फिर खोलना." चावी फिरवली. टिकटिक द्रुत लयीत सुरू झाली आणि थांबेचना.

ठोकाच नसता तर पॉइंट काळे पडलेले किंवा अर्थिंग सुटलेलं. संथ आणि न संपणारा असता तर निडलखाली कचरा, आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोलचे थेंब. पण घाईघाईने, पोकळ वाजणारा ठोका म्हणजे पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. टाकीत पेट्रोल होतं. म्हणजे हवा वाटेतच शिरत होती.

टीसीची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या शेजारी, टाकीपेक्षा उंच. म्हणून त्या वरच्या टोकाला नळी फुटली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली ओल नाही, वास नाही. म्हणूनच कोणाला दिसलं नव्हतं. (उन्हाळ्यात याच रचनेमुळे नळीत पेट्रोलची वाफही होते; मिस्त्रींनी आधी पंपावर ओलं फडकं ठेवून ती शक्यता निकालात काढली.) पंपाजवळ कधीतरी घातलेला रबरी नळीचा तुकडा त्यांनी दोन बोटांत वाकवला. केसाएवढी चीर उघडली आणि बोटाला काळा चिकट डाग लागला.

तुकडा बदलला. टिकटिक, टिक, टिक... शांत.

आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सुटून फिल्टरमध्ये अडकतो. तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर यंदा कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून घ्या, फिल्टर बदला, आणि चावी फिरवल्यावर अर्धा मिनिट नुसतं ऐका.