तांब्याची रेघ आणि तिचा उजेड

रेडिओचें झांकण काढून आंत डोकावलें म्हणजे जी हिरवी पाटी दिसते, तिला कोणी कलाकृति म्हणेल असें आम्हांस पूर्वीं वाटलें नसतें. पण आतां असलीं सर्किट बोर्डें केवळ चित्रासाठीं मुद्दाम घडवून, त्यांत बारीक एलईडी दिवे बसवून भिंतीवर लावण्याचा प्रघात पडला आहे. तेव्हां या नव्या पाहुण्याची रसिकांनीं एकदां नीट विचारपूस करावयास हवी.

या पाटीचें कुळ मुळांत छापखान्याचें. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर यांनीं १९३६ च्या सुमारास, तारांचें जंजाळ टाळून तांब्याच्या पातळ थरांतच विजेचे मार्ग छापून काढण्याची कल्पना योजिली. आज ती चित्रकाराच्या हातीं आली, हें माहेरीं परतल्यासारखेंच झालें.

रंगपेटी मात्र दरिद्री. कांचतंतु व राळ यांची, बहुधा १.६ मिलिमीटर जाडीची पाटी. तिच्यावर तांबें, त्यावर रंगीत रोगण, उघड्या तांब्यास सोन्याचा वा कथलाचा मुलामा, आणि थोडी पांढरी शाई. एवढ्यांत सारें भागवावयाचें! पण खरी शोभा या दारिद्र्यांतूनच निघते. तांबें आणि रोगण दोन्हीं जेथें वगळलीं, तेथें पाटी उघडी राहते. ती अर्धपारदर्शक, किंचित् पिवळसर. पाठीमागें दिवा उलटा बसविला कीं त्या झरोक्यांतून उजेड झिरपतो. तांबें असेल तेथें मुळींच येत नाहीं. म्हणजे काळोख तांब्यानें रेखावयाचा आणि उजेड तें खरवडून. आकाशकंदिलाचा कागद ज्यांनीं लहानपणीं निरखला आहे, त्यांस हा मवाळपणा ओळखीचा वाटेल.

तथापि पुष्कळ कामें पाहून आमची निराशाच झाली. पुढें एखादें चित्र छापावें आणि विजेच्या वाटा मागें दडवाव्या, असलें काम कॅलेंडराहून थोर नव्हे. तें कागदावर केलें असतें तरी चाललें असतें. याच्या उलट, पानाची शीर हीच जेथें विजेची वाट असते, तेथें शीर तुटली कीं दिवा विझतो. वीज कोठून गेली याच्याशीं प्रेक्षकास काय करावयाचें, असें कोणी म्हणेल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. डोळा कांहीं वीज मोजीत नाहीं. पण रेघेवर जबाबदारी पडली कीं तिचा डौल बदलतो, हें आम्हीं वारंवार पाहिलें आहे.

पूर्वीं आराखडे हातानें, चिकटपट्ट्या लावून करीत. तेव्हां रेघा सहज वळत. पुढें संगणक आला आणि पंचेचाळीस अंशांचे कोन रूढ झाले. लंडनच्या सार ड्रायमर यांनीं ‘पीसीबीमोड’ हें साधन रचून स्वैर वळणें तांब्यांत उतरविण्याची सोय केली, हे या कलेवर त्यांचे मोठेच उपकार होत.

अशी पाटी घेणाऱ्यानें ती प्रथम दिवे न लावतां, दिवसा खिडकीशीं धरून पाहावी. शिरा तेव्हांही डोळ्यांस खिळवीत असतील, तरच संध्याकाळीं बटण दाबावें.