आरोग्यसेवा प्रशासनातील पीएच.डी. संशोधन : एक चिकित्सक आढावा

सारांश

आरोग्यसेवा प्रशासन अथवा रुग्णालय व्यवस्थापन हा विषय घेऊन पीएच.डी. करणाऱ्या संशोधकांत अध्यापक, रुग्णालयीन अधिकारी आणि वैद्यकीय पदवीधर अशा तिन्ही वर्गांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे विद्याशाखीय स्थान, प्रबंधाचा रूढ साचा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आणि संशोधकाचे आपल्या अभ्यासक्षेत्राशी असलेले नाते या चार अंगांची चिकित्सा केली आहे. रुग्णसमाधानाच्या मोजमापावर स्थिरावलेला हा प्रबंधप्रकार प्रशासनाच्या मूळ प्रश्नांपासून दूर गेला आहे, असे लेखाचे प्रतिपादन असून जामखेड व गडचिरोली येथील कार्याच्या आधारे पर्यायी दिशा सुचविली आहे.

बीजसंज्ञा : आरोग्यसेवा प्रशासन, पीएच.डी., रुग्णसमाधान, संशोधन पद्धती, विनियम.

1. प्रस्तावना

दि. 9 जानेवारी 2021 रोजी पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून 10 बालके दगावली. त्याच वर्षी 21 एप्रिल रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घटला आणि त्या दिवशी 22 रुग्णांचा मृत्यू झाला. 2023 च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण मृत्युमुखी पडले, त्यांत 12 नवजात बालके होती. या घटनेची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

या तिन्ही घटनांत पुढे येणारे प्रश्न केवळ वैद्यकीय ज्ञानाने सुटणारे नाहीत. वीजजोडणीची तपासणी कोणी व केव्हा करावयाची, टाकीच्या देखभालीची जबाबदारी कोणाकडे, रात्रपाळीस किती परिचारिका असाव्यात, औषधाची मागणी कोणत्या टेबलावर किती दिवस थांबते, हे सारे प्रशासनाचे प्रश्न होत. आरोग्यसेवा प्रशासन नावाची ज्ञानशाखा ज्यासाठी अस्तित्वात आहे, तेच हे प्रश्न. असे असता या विषयात विद्यापीठांतून सादर होणारे प्रबंध या प्रश्नांना कितपत भिडतात, याचा विचार करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेख त्या दिशेने केलेला एक प्रयत्न आहे. येथे कोणा एका प्रबंधावर किंवा संशोधकावर टीका करण्याचा हेतू नाही. चिकित्सा करावयाची आहे ती रूढ झालेल्या पद्धतीची.

2. विषयाचे विद्याशाखीय स्थान

आरोग्यसेवा प्रशासन हा विषय कोणत्या विद्याशाखेचा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे एक नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, दिल्ली आणि पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय येथे रुग्णालय प्रशासन ही वैद्यकशास्त्रातील पदव्युत्तर शाखा आहे. तिला प्रवेश मिळतो तो एम.बी.बी.एस. झालेल्यांनाच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हाच विषय समाजविज्ञानांच्या परिसरात शिकविला जातो. व्यवस्थापन संस्थांमधून तो एम.बी.ए. पदवीच्या रूपाने येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार राज्यातील विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत आणि व्यवस्थापनाच्या वाटेने येणाऱ्या संशोधकाची नोंदणी साहजिकच वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेत होते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 च्या स्वतंत्र अधिनियमाने स्थापन झालेले असल्याने वैद्यकीय वर्तुळ त्याच्या कक्षेत राहते.

या विभागणीचा परिणाम केवळ कागदोपत्री नाही. विद्याशाखा ठरली की मार्गदर्शक ठरतो, मार्गदर्शक ठरला की ग्रंथसूची ठरते आणि ग्रंथसूचीबरोबर संशोधनाचे हत्यारही हाती येते. वाणिज्य शाखेतील मार्गदर्शकाला ग्राहक, सेवा, बाजारपेठ या संज्ञा परिचयाच्या असतात. वॉर्डातील संसर्गाचे प्रमाण किंवा शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत यांच्या नोंदी तपासण्याची त्याला सवय नसते. वैद्यकीय शाखेतील मार्गदर्शकाची गोष्ट उलटी. त्याला आजार ठाऊक असतो, पण अर्थसंकल्पी शीर्ष, पदभरती, निविदा, अधिकारांचे प्रत्यायोजन हे विषय त्याला दुय्यम वाटतात. विषय दोन्हीकडचा असूनही संशोधक बहुधा एकाच बाजूचे शिक्षण घेऊन बाहेर पडतो.

3. प्रबंधाचा रूढ साचा

व्यवस्थापन शाखेतील या विषयाच्या प्रबंधाचा साचा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एक जिल्हा अथवा शहर घ्यावयाचे, त्यातील काही सरकारी व काही खासगी रुग्णालये निवडावयाची, रुग्णांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची आणि सेवेची गुणवत्ता व रुग्णसमाधान यांचा सहसंबंध तपासावयाचा. शून्य गृहीतक फेटाळले जाते, सहसंबंध सार्थ ठरतो आणि अखेरच्या प्रकरणात शिफारशी येतात : कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, स्वच्छता राखावी, रुग्णांशी सौजन्याने वागावे.

या साच्यामागील मुख्य हत्यार म्हणजे परशुरामन, झेथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी 1988 मध्ये मांडलेले ‘सर्वक्वाल’ हे मापनसाधन. त्यात 22 विधाने असून ती दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि सहानुभाव अशा पाच परिमाणांत विभागलेली आहेत. हे साधन घडले ते बँक, क्रेडिट कार्ड, उपकरणांची दुरुस्ती, दूरध्वनी अशा सेवांच्या अभ्यासातून. बँकेचा ग्राहक सेवेची पारख करू शकतो, कारण आपल्याला काय हवे होते हे त्याला माहीत असते. रुग्णाच्या बाबतीत हे गृहीतच डळमळीत होते. दिलेले प्रतिजैविक योग्य होते की अनावश्यक, शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, हे रुग्णाला सहसा कळत नाही. मृदू बोलणाऱ्या डॉक्टरकडून चुकीचा उपचार झालेला रुग्ण समाधानी असू शकतो आणि प्राण वाचलेला रुग्ण गैरसोयीमुळे नाराज असू शकतो.

याउलट अव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्येच वैद्यकीय सेवेच्या मूल्यमापनासाठी रचना, प्रक्रिया आणि फलित अशी त्रिसूत्री मांडली होती. खाटा, मनुष्यबळ, यंत्रे ही रचना. निदान व उपचार ज्या रीतीने होतात ती प्रक्रिया. आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे फलित. या त्रिसूत्रीचा उल्लेख आपल्या प्रबंधांच्या संदर्भ-साहित्याच्या प्रकरणात येतो आणि तेथेच संपतो. कारण उघड आहे. फलिताचा अभ्यास करावयाचा तर रुग्णनोंदी, मृत्यूपरीक्षण समितीची इतिवृत्ते, औषधभांडाराच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात. प्रश्नावली मात्र चार आठवड्यांत भरून होते.

प्रश्नावलीच्या भाषेचा प्रश्न तर स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. मूळ इंग्रजी विधानांचे मराठी भाषांतर करून ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशी पंचपदी श्रेणी रुग्णासमोर ठेवली जाते. मधला पर्याय ‘तटस्थ’. ग्रामीण रुग्णालयातील खाटेवर पडलेल्या बाईला सहानुभावाविषयी तटस्थ असणे म्हणजे काय, हे कसे समजावे? ती जे उत्तर देते ते बहुधा प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून. विचारणारा अॅप्रन घालून आला असेल, सोबत परिचारिका उभी असेल आणि उपचार अजून चालू असतील, तर “सगळं चांगलं आहे” याखेरीज दुसरे उत्तर संभवत नाही. त्या उत्तराला चार हा अंक मिळतो, अंकांची सरासरी निघते आणि सरासरीवर सांख्यिकीय कसोटी लागते. कसोटी अचूक असते. ज्यावर ती लावली, ते मात्र भिडेपोटी दिलेले उत्तर असते.

4. विनियम काय पाहतात?

पीएच.डी.च्या दर्जाविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009, 2016 आणि 2022 असे तीन वेळा विनियम केले. 2016 च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी संदर्भित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांमधून दोन सादरीकरणे आवश्यक होती. त्यातून शोधनिबंधांचा बाजार कसा भरला, हे अध्यापक वर्गाला सांगावयास नको. 2022 च्या विनियमांनी ही सक्ती काढली. त्यांनीच एम.फिल. बंद केली. किमान कालावधी तीन वर्षे, अभ्यासक्रमाचे किमान 12 श्रेयांक, प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक, अशा मर्यादा त्यांत आहेत. वाङ्मयचौर्यविषयक 2018 च्या विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठेवले.

हे सर्व नियम आवश्यक आहेत, यात शंका नाही. तथापि ते जे पाहतात ते मोजता येण्याजोगे आहे : वर्षे, श्रेयांक, संख्या, टक्केवारी. प्रबंधाचा प्रश्न खरा होता काय, हे विनियम विचारू शकत नाहीत. ते काम मार्गदर्शकाचे, संशोधन मान्यता समितीचे आणि परीक्षकांचे. साम्य दहा टक्क्यांच्या आत असलेला प्रबंध विचाराच्या दृष्टीने संपूर्णपणे पूर्वीच्या प्रबंधाची नक्कल असू शकतो. शब्द बदलले, जिल्हा बदलला, साचा तोच राहिला, तर कोणतेही संगणकीय साधन ते पकडणार नाही.

एम.फिल.विषयीही येथे एक नोंद करणे उचित होईल. त्या पदवीत उणिवा होत्या. परंतु एका रुग्णालयाचा, एका विभागाचा, एका नोंदवहीचा लहान अभ्यास करून पाहण्याची जागा तीत होती. ती पायरी गेल्यामुळे संशोधक आता थेट मोठ्या आराखड्यावर येतो आणि अननुभवामुळे तयार साच्याचा आधार घेतो. अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत अशा लघु-अभ्यासाला स्थान दिल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.

5. संशोधक आणि त्याचे रुग्णालय

या विषयातील अर्धवेळ संशोधक पुष्कळदा स्वतः रुग्णालयात अधिकारपदावर असतो. 2022 च्या विनियमांनुसार अशा संशोधकाला नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल व गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात नमूद करावे लागते. येथे एक पेच उद्भवतो. नोंदी ज्याच्या हाताशी आहेत, त्या अधिकाऱ्यालाच त्यांतील दोष लिहिणे अवघड जाते. बाहेरच्या अध्यापकाला लिहिण्याचे स्वातंत्र्य असते, पण नोंदवही उघडून मिळत नाही. परिणामी दोघेही प्रश्नावलीकडे वळतात. तिने कोणी दुखावत नाही.

अमेरिकेत या पेचावर एक वाट काढलेली दिसते. तेथे पीएच.डी.खेरीज आरोग्य प्रशासनातील डॉक्टरेट ही व्यावसायिक पदवी आहे. अनुभवी प्रशासकाने आपल्या कार्यक्षेत्रातील समस्येवर उपयोजित काम करावे, अशी तिची धारणा असते. सिद्धान्तात भर घालण्याची अपेक्षा पीएच.डी.कडून केली जाते. आपल्याकडे दोन्ही अपेक्षा एकाच पदवीवर लादल्या गेल्या आहेत, आणि पदोन्नतीची गरज ही तिसरी. ती पदवी जशीच्या तशी आणावी असे सुचवावयाचे नाही. तेथील व्यावसायिक पदव्यांचे शुल्क आणि बाजारीकरण हाही चिंतेचा विषय आहे. मात्र आपण कोणत्या प्रकारचे ज्ञान निर्माण करू पाहतो, हे संशोधकाने आराखड्यातच स्पष्ट करावे, एवढा बोध त्यातून घेता येईल.

6. महाराष्ट्रातील दोन दाखले

आरोग्यसेवेच्या प्रशासनाविषयी जगाने दखल घ्यावी असे ज्ञान महाराष्ट्रातच निर्माण झाले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 मध्ये अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवून त्यांनी डॉक्टरच्या कामाची फेरवाटणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 मधील ग्रंथात या प्रयोगाचा समावेश झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला व 47 गावांशी तुलना केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. 2011 मध्ये हीच संकल्पना आशा कार्यकर्तींमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

या अभ्यासांचे वैद्यकीय मूल्य सर्वज्ञात आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्यांच्या प्रशासकीय आशयाकडे. कोणते काम कोणाकडे सोपवावे, त्याला किती अधिकार द्यावेत, देखरेख कोणी करावी, नोंद कशी ठेवावी, या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. तुलनेसाठी गावे निवडलेली आहेत, फलित मोजलेले आहे आणि तेही जन्म-मृत्यूच्या मोजणीतून. यांतील एकही काम पीएच.डी.साठी झालेले नाही, हे आपण अध्यापकांनी अंतर्मुख होऊन पाहण्यासारखे आहे.

अशा विषयांची आजही वाण नाही. महाराष्ट्रात 2017 पासून शासकीय औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली आणि 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. या तीन व्यवस्थांच्या काळात एका जिल्हा रुग्णालयाच्या भांडारात पाच आवश्यक औषधे किती दिवस शिल्लक नव्हती, एवढा एकच प्रश्न घेतला तरी उत्तम प्रबंध होईल. केंद्र शासनाने 2022 मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्गाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. निष्णात शल्यचिकित्सकाला ज्येष्ठतेने जिल्हा शल्यचिकित्सक केले की त्याच्या दिवसाचे किती तास फायलींत जातात, याचा अभ्यास त्या संदर्भात मोलाचा ठरेल.

7. समारोप

वरील विवेचनातून पुढील मुद्दे निष्पन्न होतात. एक, या विषयाच्या प्रबंधाला व्यवस्थापन आणि वैद्यक अशा दोन्ही शाखांतील मार्गदर्शक असावेत. सहमार्गदर्शकाची तरतूद विनियमांत आहेच. दोन, रुग्णसमाधान हा एकमेव चल असलेला आराखडा संशोधन मान्यता समितीने फलिताच्या किमान एका नोंदीशी जोडून घेतल्याशिवाय स्वीकारू नये. तीन, मराठी प्रश्नावली भाषांतरित न करता रुग्णांच्या बोलीतून घडवावी आणि मुलाखत रुग्णालयाबाहेर, उपचार संपल्यावर घ्यावी. चार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे व्यवस्थापन शाखेतील संशोधकालाही लागू मानावीत. पाच, नोंदी पाहण्याची परवानगी आणि प्रतिकूल निष्कर्ष लिहिण्याची मुभा, या दोन्ही बाबी ना-हरकत प्रमाणपत्रात समाविष्ट कराव्यात.

यांतील पाचवा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण तो विद्यापीठाच्या हाती नाही. मात्र पहिले चार आपल्याच हाती आहेत. मौखिक परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने उमेदवाराला एवढेच विचारावे : या प्रबंधानंतर त्या रुग्णालयातील कोणती नोंदवही वेगळ्या रीतीने लिहिली जाईल? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याच्या नावापुढे लागणारी उपाधी सार्थ म्हणता येईल.