पट्टीमागचा खांब

काळाचौकीतल्या एखाद्या डेकोरेटरच्या बंद टेंपोत माल बांधायच्या पट्ट्या बसवायचं काम चालू असलं, की बघणाऱ्याची नजर आधी चकचकीत ॲल्युमिनियमवर जाते. पट्टी देखणी असतेच. विमानातल्या खुर्च्या जिच्यात रोवलेल्या असतात त्याच जातीची ही: इंचाइंचावर गोल भोकं आणि त्यांना जोडणारी अरुंद खाच. कडीच्या मुंड्या भोकांतून आत सोडायच्या, अर्धा इंच सरकवायच्या; त्या खाचेच्या ओठांखाली अडकतात आणि खिट्टी भोकात पडून परतीची वाट बंद करते. पण ही करामत कारखान्याची. मिस्त्रीचा हात बघायचा तर पट्टीच्या मागे बघावं.

आतलं प्लायवूड भार घेत नाही, बॉडीचे लोखंडी खांब घेतात. युरोपातलं मानक सांगतं, की ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढे येईल असं धरा, वळणावर 50 टक्के बाजूला. म्हणजे 400 किलोच्या स्पीकरांच्या चवडीला 320 किलोचा रेटा. काही घर्षण सोसतं. उरलेला कडीत अडकवलेल्या पट्ट्याकडून पट्टीकडे, बोल्टकडे आणि शेवटी खांबाकडे पोचतो. म्हणून मिस्त्री बोटांच्या पेरांनी प्लाय ठोकत जातो. पोकळीवर ढब, खांबावर आखूड टक्. तरी कानावर विसंबत नाही. बारीक ड्रिल मारतो. आधी भुसा, मग लोखंडाचा चमकता कीस आला की खूण पक्की. मगच गेरूचं सूत मारतो. त्या एका लाल रेघेवर सगळे खांब नेमके सापडलेले असतात!

बोल्टचं काम मला सगळ्यात आवडतं. पोकळ खांबातून आरपार बोल्ट आवळला तर खांब चेपतो आणि पकड हळूहळू सैल होते. त्यावर उपाय म्हणून एका बाजूचं भोक मोठं करून आत नळीचा मापाचा तुकडा सरकवतात, की आवळण्याचा दाब नळी घेते. शिवडीकडून येणारी खारी हवाही हिशेबात हवी: ॲल्युमिनियम लोखंडाला थेट टेकलं तर ओलाव्यात खाल्लं जातं. मध्ये रबराची पातळ पट्टी, भोकाच्या कडेला रेड ऑक्साइडचा हात. पट्टी चढली की यातलं काहीच दिसत नाही, आणि तरी ते केलेलं असतं.

जमिनीवरच्या पट्ट्या भिंतीलगत न लावता थोड्या आत का, हे चटकन कळत नाही. मालावरून टाकलेला पट्टा जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर ताणाचा निम्माच भाग माल खाली दाबतो. 60 अंशांवर जवळजवळ 87 टक्के. पट्टी मालाजवळ आली की पट्टा उभा होतो. तबल्याचा गट्टा ठोकून ताण चढतो खरा, पण वादी घराघरांतून नीट ओवलेली असेल तरच. पट्टा आवळणाऱ्या रॅचेटचंही तसंच. नुसता जोर लावणाऱ्याला हे कोण सांगणार?

जमिनीतली पट्टी चेकर प्लेटच्या पातळीत बुडवलेली, म्हणजे पेट्यांची चाकं वरून न अडखळता जातात. मात्र बुडालेल्या खाचेत भुसा साचतो, गणपतीच्या दिवसांत गुलाल. ओला होऊन वाळला की खिट्टी भोकात बसेनाशी होते. जाणता मिस्त्री पट्टीचं आतलं टोक बंद करतो आणि दाराकडचं उघडं ठेवतो, म्हणजे खराट्याच्या काडीने सगळा गुलाल सरळ रस्त्यावर काढता येतो.