गांधीजींच्या ‘आत्मकथे’तील प्रवासाचे सामान

परदेशी जावयास निघालेल्या माणसाने काय बरोबर घेतले आणि काय मागे ठेवले, याची हकीगत चरित्रांतून व आत्मचरित्रांतून कोठे ना कोठे येतेच. समीक्षक मात्र तिची दखल सहसा घेत नाहीत. ती घरगुती तपशिलात जमा होते आणि वाचक बोटीच्या भोंग्याची वाट पाहत पुढे सरकतो. गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग अथवा आत्मकथा’ या ग्रंथाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. 1925 ते 1929 या काळात ‘नवजीवन’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या व आप्पासाहेब पटवर्धनांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या या ग्रंथात सामानाचा प्रश्न चार वेळा, चार निरनिराळ्या सागरप्रवासांच्या निमित्ताने उपस्थित होतो : 1888, 1896, 1901 आणि 1914. या चार प्रसंगांचा विचार सुटासुटा न करता एकत्र केला, तर ग्रंथाच्या नैतिक रचनेविषयी काही निराळेच हाती लागते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पहिला प्रसंग बहुतेकांच्या स्मरणात आहे तो त्यातील विनोदामुळे. एकोणीस वर्षेही पुरी न झालेला एक काठेवाडी तरुण 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून विलायतेस निघतो. त्याच्या सामानाची जुळवाजुळव त्याने स्वतः केलेली नाही; त्या बाबतीत अनुभवी समजल्या जाणाऱ्या एका मित्राने ती केली आहे. कपड्यांपैकी काही त्याला पसंत पडतात, काही मुळीच पडत नाहीत. पुढे ज्या नेकटायची त्याला आवड लागली तीच त्या वेळी नकोशी वाटते, आणि आखूड जाकीट तर त्याला असभ्य वाटते. फराळाची मिठाई व फळे मात्र भरपूर असतात आणि बोटीवर त्यांवरच त्याचे बरेचसे भागते. बोटीवर काळा पोशाख वापरावयाचा आणि किनाऱ्यावर उतरताना पांढरा फ्लॅनेलचा घालावयाचा, असा बेत असतो. सप्टेंबरच्या अखेरीस साउदॅम्प्टनला उतरल्यावर त्याला दिसते, की पांढऱ्या कपड्यांतला मनुष्य आपण एकटेच आहोत. इतरांचे पाहून त्याने सगळे सामान, किल्ल्यांसकट, ग्रिंडले कंपनीच्या माणसाच्या स्वाधीन केलेले असते. दुसऱ्या दिवशी रविवार असल्यामुळे सोमवारपर्यंत कपडे बदलण्याची सोयच उरत नाही.

हा प्रसंग लेखक स्वतःवर हसत सांगतो, आणि ते हसणे निखळ आहे. येथे ज्याचे सामान त्याचीच फजिती आहे. परदेशाविषयीची कल्पना ट्रंकेत भरून नेली आणि ती त्या देशाशी जुळली नाही, एवढाच त्याचा आशय. दुसऱ्या कोणाला त्याची झळ पोचत नाही.

परंतु याच तयारीच्या हकीगतीत, थोडे आधी, एक वाक्य येऊन जाते आणि वाचक त्यावर क्वचितच थांबतो. विलायतेचा खर्च कसा भागवावा या विवंचनेत असताना पत्नीचे दागिने मोडण्याची कल्पना लेखकाने मांडली. त्यांचे दोनतीन हजार रुपये येतील असा त्याचा अंदाज होता. वडील बंधूंनी पैशाची कशीही तजवीज करण्याचे आश्वासन दिले आणि विषय तेथेच संपला. ज्यांचे ते दागिने त्या कस्तुरबांना याविषयी विचारले किंवा काय, याबद्दल निवेदन मौन पाळते. ती त्या वेळी काही महिन्यांच्या मुलाची आई होती आणि मागेच राहणार होती. काय न्यावयाचे या यादीत तिचे नाव नव्हते. काय मोडून जावयाचे या यादीत तिची वस्तू होती. हे वाक्य ग्रंथात पुढे तेरा वर्षांनी फळास येते, म्हणून ते येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

1896 मध्ये गांधीजी पत्नी, दोन मुलगे आणि विधवा बहिणीचा एकुलता मुलगा यांना घेऊन ‘कुर्लंड’ बोटीने नाताळला निघाले. या वेळी सामान ठरविणारे ते स्वतः आहेत. गोऱ्यांच्या वसाहतीत सुधारलेले दिसावयाचे तर पोशाख व रीतिभाती होता होईल तो युरोपियनांच्या जवळच्या असल्या पाहिजेत, ही त्यांची त्या वेळची समजूत. संपूर्ण युरोपियन थाट शोभणार नाही, म्हणून हिंदी लोकांत सर्वांत सुधारलेल्या मानल्या जाणाऱ्या पारशांचा नमुना पत्करला गेला. कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी, मुलांना पारशी कोट व पाटलोण, आणि सर्वांना बूट व मोजे. बुटांनी पाय आवळले जात, मोज्यांना घामाची दुर्गंधी येई, बोटे दुखत. या सगळ्या तक्रारींना लेखकाजवळ उत्तरे तयार असत. मात्र पटवून देण्याचे काम उत्तरांनी केले नसून अधिकाराच्या बळाने केले असावे, अशी कबुली तो स्वतःच देतो. पुढे सुधारणेचे ते वेड ओसरले, तेव्हा काटेचमचे व मोजे गेले. आणि अंगवळणी पडलेले टाकून देणेही घरच्यांना तितकेच जड गेले असेल, हेही तो सांगतो. हे ओझे टाकल्यावर आपण सारे हलके व मोकळे झालो, असा त्याचा निर्वाळा आहे.

मराठी अभ्यासकाला येथे आनंदीबाई जोशी यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. अमेरिकेला जाण्यापूर्वी फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूर येथे केलेल्या इंग्रजी भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, पोशाख व आहार बदलणार नाही, असे जाहीर केले होते. बरोबर न्यावयाच्या लुगड्यांना त्या घोषणेने जाहीर वचनाचे रूप दिले. प्रत्यक्ष थंडी अंगाला झोंबू लागल्यावर त्यांनी लुगडे सोडले नाही, फक्त नेसण्याची तऱ्हा बदलून गुजराती पद्धत स्वीकारली. तेवढाही बदल भारतात राहिलेल्या गोपाळरावांना रुचला नाही आणि तिकडून पत्रांद्वारे समर्थन करण्याची पाळी आनंदीबाईंवर आली. थंडी सोसणारी एक आणि वस्त्राचा न्याय करणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. 1896 च्या प्रसंगाशी तिचे नाते उघड आहे. फरक एवढाच, की आनंदीबाईंची बाजू त्यांच्या स्वतःच्या पत्रांतून आपल्यापर्यंत येते, तर कस्तुरबांची बाजू आपल्याला पतीच्या लेखणीतूनच ऐकावी लागते. ही लेखणी ती बाजू कशी मांडते, हा म्हणूनच केवळ चरित्राचा प्रश्न राहत नाही, तो वाङ्मयीन प्रश्न होतो.

त्याचे उत्तर 1901 च्या प्रकरणात आहे. त्या वर्षी गांधीजी हिंदुस्थानात परत यावयास निघाले. निरोपाच्या समारंभांतून सोन्याचांदीच्या व हिऱ्यांच्या भेटींचा वर्षाव झाला आणि त्यांत पन्नास गिनींचा एक सोन्याचा हार खास कस्तुरबांसाठी होता. सार्वजनिक सेवेचा मोबदला घ्यावा काय, या विचाराने लेखकाला रात्रभर झोप आली नाही. अखेर या वस्तू सोडणे कठीण खरे, पण ठेवून घेणे त्याहून कठीण, अशा निर्णयाला तो आला. रात्रीच त्याने पत्राचा मसुदा केला : सगळ्या भेटींचा विश्वस्तनिधी करावयाचा आणि पारशी रुस्तमजी इत्यादींना विश्वस्त नेमावयाचे. पत्नीची समजूत पटविणे अवघड जाईल हे ठाऊक असल्यामुळे त्याने प्रथम मुलांना गाठले व त्यांना आपले वकील केले. थोरला हरिलाल त्या वेळी तेरा वर्षांचा होता, मणिलाल त्याहून चार वर्षांनी लहान. मुले तात्काळ कबूल झाली. व्यवसायाने बॅरिस्टर असलेल्या माणसाच्या घरात दस्तऐवज आधी तयार झाला, साक्षीदार मग जमविले आणि जिचा हक्क होता तिची सुनावणी सर्वांत शेवटी झाली, हा क्रम निवेदकाने यत्किंचितही लपविलेला नाही.

त्या सुनावणीत कस्तुरबा जे बोलतात त्याला या ग्रंथात तोड नाही. तुम्हांला नको असतील, तुमच्या चिथावणीने मुलांनाही नको असतील, मला तुम्ही घालू देणार नाही हेही समजते; पण उद्या सुना येतील त्यांचे काय, असा त्यांचा पहिला प्रश्न. लागतील तेव्हा मला सांग, असे पती म्हणतात. त्यावर त्या जुना हिशेब बाहेर काढतात : माझे दागिने घेतलेत ते तुम्हीच ना? मुलांना आतापासून वैरागी करू पाहणारे तुम्ही सुनांना काय घालणार? हार तुझ्या सेवेबद्दल मिळाला की माझ्या, या पतीच्या वकिली प्रश्नाला त्या देतात ते उत्तर तर सबंध संवादाचे मर्म आहे. तुमची सेवा ती माझीही सेवाच झाली. तुमच्यासाठी मी रात्रंदिवस राबले, ती सेवा नव्हे काय? 1888 च्या हकीगतीत पत्नीच्या दागिन्यांच्या उल्लेखानंतर जी जागा रिकामी राहिली होती, ती येथे तिच्याच तोंडून भरून निघते. लेखकाने हे जाणूनबुजून योजले असेल असे मला वाटत नाही. परंतु संवाद आठवेल तसा, पुरता लिहून काढण्याचा त्याचा निश्चय इतका पक्का आहे, की पूर्वीच्या प्रकरणातील त्याचे स्वतःचे मौनही त्यात उघडे पडते.

या प्रसंगाचे सर्वसाधारण विवेचन असे केले जाते, की एका बाजूला अपरिग्रह व दुसऱ्या बाजूला स्त्रीसुलभ आसक्ती, आणि अखेर अपरिग्रहाचा विजय. हे विवेचन मूळ मजकुराला धरून नाही. कस्तुरबांनी हार गळ्यात घालण्याचा हट्ट एकदाही धरलेला नाही. त्यांचे म्हणणे भावी सुनांच्या तरतुदीविषयी आणि स्वतःच्या श्रमांच्या मोलाविषयी आहे. त्याला स्त्रीधनाच्या जुन्या कल्पनेचा भक्कम आधार आहे. सार्वजनिक सेवकाने मौल्यवान भेटी घेऊ नयेत हे तत्त्व निर्विवाद मान्य केले, तरी दुसऱ्याच्या नावाने आलेली भेट परत करण्याचा अधिकार त्या तत्त्वातून आपोआप निघत नाही. लेखकालाही हे जाणवलेले दिसते. काही बाण वर्मी लागले असे तो लिहितो, आणि उत्तर मात्र देत नाही. तो एवढेच नमूद करतो, की संमती कशीबशी मिळविली आणि 1896 व 1901 च्या सर्व भेटी परत केल्या.

येथे 1896 चे बूट-मोजे आणि 1901 चा हार शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. लेखकाच्या दृष्टीने हे दोन प्रसंग परस्परविरोधी आहेत. पहिल्यात खोट्या सुधारणेचा सोस होता, दुसऱ्यात त्याग होता. पहिल्याबद्दल त्याला खेद आहे, दुसऱ्याबद्दल समाधान. परंतु वस्तूंवरून नजर काढून रीतीकडे पाहिले तर दोहोंत फरक उरत नाही. एकदा कुटुंबाच्या अंगावर सामान चढविले गेले, एकदा ते उतरविले गेले; दोन्ही वेळा उत्तरे आधी तयार होती आणि अखेरचा शब्द अधिकाराचा होता. पहिल्या प्रसंगी लेखकाने हे स्वच्छ ओळखून लिहिले आहे. दुसऱ्या प्रसंगी तो ते ओळखत नाही, किंवा ओळखूनही निष्कर्षापर्यंत जात नाही. आणि तरीही तो निष्कर्ष काढण्यास लागणारा सगळा पुरावा वाचकाच्या हाती त्यानेच ठेवला आहे. ‘आत्मकथे’च्या सत्यनिष्ठेचा गौरव पुष्कळांनी केला आहे, परंतु तिचे खरे गमक लेखकाच्या कबुलीजबाबांपेक्षा येथे अधिक आहे. आपल्याविरुद्ध जाणारी साक्ष त्याने खोडून काढली नाही, आणि तिच्यावर भाष्य करून ती बोथटही केली नाही.

चौथ्या प्रसंगाने हे आणखी स्पष्ट होते. जुलै 1914 मध्ये गांधीजी, कस्तुरबा व हर्मान कॅलनबाख दक्षिण आफ्रिकेतून तिसऱ्या वर्गाने इंग्लंडला निघाले. कॅलनबाखांजवळ उंची दुर्बिणी होत्या आणि त्यांवर त्यांचा जीव होता. साधेपणाच्या आदर्शाशी हे कसे जुळते, यावर रोज वाद चाले. वादाचे कारणच समुद्रात फेकून दिले तर, असे गांधीजींनी एके दिवशी सुचविले. कॅलनबाखांनी तात्काळ रुकार दिला आणि सात पौंडांची वस्तू पाण्यात गेली. हा प्रसंग चारदोन ओळींत, चटपटीत संवादात उरकतो. वस्तू ज्याची, संमती त्याची; अश्रू नाहीत, वकील नाहीत. त्याच बोटीवर असलेल्या कस्तुरबांना त्याविषयी काय वाटले, हे लेखक सांगत नाही.

दोन्ही प्रसंगांचा समारोप मात्र एकाच साच्याचा आहे. हाराच्या बाबतीत, आपल्याला कधी पश्चात्ताप झाला नाही आणि पुढे कस्तुरबांनाही त्यातील शहाणपण पटले. दुर्बिणीच्या बाबतीत, कॅलनबाखांना तिची कधी खंत वाटली नाही. दुसऱ्याची खंत मिटल्याची ग्वाही दोन्हीकडे निवेदकच देतो. कॅलनबाखांच्या बाबतीत ती सहज पटते, कारण त्यांचा होकार आपण ऐकलेला असतो. कस्तुरबांच्या बाबतीत आपण ऐकलेला असतो तो त्यांचा प्रश्न, आणि तो या ग्वाहीने मिटत नाही.

या दृष्टीने एक छोटे काम आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. संमती मिळविल्याचे जे वाक्य वर आले, त्यासाठी महादेवभाई देसाईंच्या इंग्रजी अनुवादात जे क्रियापद आहे त्याला एखादी गोष्ट दडपणाने उकळून घेण्याचा अर्थ चिकटलेला आहे. मूळ गुजराती वाक्य, हा इंग्रजी अनुवाद आणि पटवर्धनांचे मराठी रूप ही तिन्ही समोरासमोर ठेवून पाहावीत. बूट-मोज्यांच्या प्रकरणातील अधिकारविषयक वाक्याचीही तशीच तुलना करावी. दोन्ही ठिकाणी दडपणाची छटा कोणत्या भाषेत किती गडद उतरली आहे, हे त्यावरून ठरविता येईल.