‘कोर्ट’मध्ये न आलेला अशील

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’बद्दल (2014) बोलताना आपण बहुतेकदा शाहीर नारायण कांबळेबद्दल बोलतो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली, हा आरोप इतका हास्यास्पद आहे की लक्ष तिथेच अडकतं. मला मात्र हा चित्रपट ‘वकील कुणाला मिळतो’ या प्रश्नाचा वाटतो.

बचावाचा वकील विनय वोरा सुखवस्तू गुजराती घरातला. मृत कामगाराच्या बायकोला तो गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो. ती पैसे नाकारते आणि काम मागते. एका माणसाच्या चांगुलपणाची मर्यादा इतक्या कमी शब्दांत क्वचितच दिसते.

सरकारी वकील नूतन सहकुटुंब नाटक पाहते, तो प्रसंग तर चित्रपटाची किल्ली आहे. रंगमंचावर परप्रांतीयाची टर उडते, प्रेक्षागृह खूश होतं. गीतांजली कुलकर्णींनी नूतनला खलनायिका होऊ दिलेलं नाही. ती आपल्या ओळखीतलीच कुणी वाटते. म्हणूनच ते हसू बोचतं.

माझी तक्रार इथेच आहे. ज्याला हसलं जातं तो परप्रांतीय कथेत अशील म्हणून येतच नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा चार भाषा चित्रपटात आहेत. पोटासाठी आलेल्या मजुराची बाजू त्यातल्या एकीतही ऐकू येत नाही. पूर्वग्रह दाखवला, पण तो ज्याच्यावर आदळतो तो माणूस पडद्याबाहेरच राहिला.

शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते आणि न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टवर जातात. मी महाबळेश्वरचा. असं दृश्य पाहताना माझं लक्ष खोल्या झाडणाऱ्यांकडे, भांडी घासणाऱ्यांकडे जातं. कोर्टाची सुट्टी म्हणजे आमचा सीझन. दूरच्या राज्यांतून आलेली मुलं तेव्हा सर्वांत जास्त राबतात. पगार अडला, तर दाद मागायची कुठे, हे त्यांना कोण सांगतं?

कायद्यात उत्तर आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये स्त्रिया, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाचे लोक असे मोफत वकिलाचे हक्कदार मोजले आहेत. त्यात ‘तू इथला का?’ हा प्रश्न नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 मध्ये झालेला वेगळा कायदाही 2025 पर्यंत होता. पण हक्क कागदावर असणं आणि हॉटेलच्या मागच्या दारापर्यंत पोचणं यात मोठं अंतर आहे. ते तोडायला मुलांची भाषा बोलणारा, कामाच्या वेळा जाणणारा, मालकाला न घाबरणारा कुणीतरी लागतो. जिथे स्वयंसेवी संस्था हे करतात, तिथे त्यांचं अर्धं काम कोर्टाच्या पायरीआधीच होतं: हजेरी लिहून ठेवायला शिकवणं, ठेकेदाराचं नाव-पत्ता मिळवणं.

माझ्यासारख्या इंजिनियरला कंपनी अमेरिकेला पाठवते, तेव्हा व्हिसासाठी वकीलही तीच देते. तिथे परका मीच असतो, पण फाईल दुसरा कुणी सांभाळतो. ‘कोर्ट’ मला आवडतो तो ही विषमता ओळखतो म्हणून. ती ज्याला सर्वाधिक सोसावी लागते, त्याला त्याने निदान एक तारीख तरी द्यायला हवी होती.