दीडशें शब्दांचें वाचन

प्रश्नपत्रिकेचें साहित्यदृष्ट्या परीक्षण करणें हा कित्येकांस वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु जो छापील मजकूर दरवर्षीं लक्षावधि तरुण जीव मुठींत धरून वाचतात, त्याकडे टीकाकारानें पाठ फिरवावी हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीं होणाऱ्या 'सॅट' परीक्षेंतील उतारे हा असा मजकूर होय. तिच्या शिकवण्या आतां पुण्यामुंबईंतहि चालतात.

ही परीक्षा १९२६ सालीं प्रथम घेण्यांत आली. विद्यार्थी काय शिकला यापेक्षां त्याची उपजत कुवत किती, हें मोजण्याची तिची प्रतिज्ञा होती. तिचा कर्ता कार्ल ब्रिगॅम यानें १९२३ सालीं मानववंशांची बुद्धीप्रमाणें उतरंड लावणारा ग्रंथ लिहिला होता. १९३० मध्यें त्यानें आपले ते निष्कर्ष स्वतःच मागें घेतले. परीक्षा मात्र राहिली. उपजत गोष्ट शिकवून वाढत नाहीं, सबब शिकवणी व्यर्थ, असें कॉलेज बोर्ड वर्षानुवर्षें सांगत असे. इकडे ब्रुकलिनमध्यें स्टॅन्ली कॅप्लन १९४६ पासून तिचीच शिकवणी घेत होता. पुढें २०१५ सालीं बोर्डानेंच खान अकॅडमीच्या साह्यानें फुकट सराव देऊं केला. वादाचा निकाल वादीनेंच स्वतःविरुद्ध दिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मध्यंतरीं, २००५ सालीं, निबंधहि आला. एम. आय. टी.मधील लेस पेरेलमन यांनीं नमुन्याचे निबंध पाहून दाखविलें कीं, नुसत्या लांबीवरून गुण बहुतांशीं ओळखतां येतात. शिकवणीवाल्यास याहून सोपा धडा कोणता मिळावा? २०२१ मध्यें तो निबंध गेला. असो.

खरा प्रश्न वाचनाचा आहे. पूर्वीं उतारे पांचशें ते साडेसातशें शब्दांचे असत. परीक्षा संगणकावर आली, परदेशीं २०२३ मध्यें व अमेरिकेंत २०२४ मध्यें, तेव्हांपासून उतारा पंचवीस ते दीडशें शब्दांचा आणि त्याखालीं प्रश्न एकच. ६४ मिनिटांत असे ५४ प्रश्न. प्रश्न आधीं वाचा, मग उतारा, असें शिकवणींत सांगतात. सल्ला चुकीचा नाहीं; अशा पत्रिकेसाठीं आम्हीहि तोच दिला असता. परंतु दीडशें शब्दांत काय मावत नाहीं, हें पाहावें. जेन ऑस्टेन जेव्हां एखाद्या पात्राची स्तुति करते, तेव्हां ती स्तुति कीं थट्टा, हें मागील चाळीस पानांनीं ठरविलेलें असतें. तीं पानें नसतील तर ज्याचा अर्थ जागच्या जागीं पुरा होतो असाच भाग निवडावा लागतो. आणि असे उतारे निवडतां निवडतां, ज्याला मागचें-पुढचें कांहींच नाहीं असें एक नवें गद्य तयार होतें.

आमची एक भाची सध्यां या परीक्षेच्या तयारींत आहे. तिच्या सरावाच्या पुस्तकांत ऑस्टेनचाच एक उतारा होता. तिनें उत्तर क्षणांत दिलें, व तें बरोबर होतें. आम्हीं विचारलें, "ही बाई मनापासून बोलते आहे, कीं लेखिका तिची फजिती करते आहे?" ती म्हणाली, "मामा, तें विचारलेलें नाहीं."

मुलीस दोष कसा द्यावा? आमचे बी. ए.चे विद्यार्थी वर्षभर 'गाईड'वर काढतात. परंतु 'गाईडा'ला मूळ पुस्तक कोठें तरी आहे हें निदान मान्य करावें लागतें. परीक्षाच नको, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. २०२० सालीं तिची अट सोडलेल्या एम. आय. टी.नें २०२२ मध्यें व हार्वर्डनें २०२४ मध्यें ती पुनः घातली. साधारण शाळेंतील हुशार मूल एरवीं नजरेंत भरत नाहीं, हें त्यांचें कारण आम्हांस पटतें. पण तें मूल शोधण्यासाठीं कादंबरीचा एवढा बारीक चुरा करणें अवश्य होतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

भाचीस ती कादंबरी आम्हीं कपाटांतून काढून दिली. परीक्षा झाल्यावर वाचीन म्हणाली, आणि उतारा कितव्या पानावर आहे तेवढें विचारून तेथें खूण घातली.