मंडळी की मालमत्ता?

‘चर्च कुठे आहे?’ असं कुणी विचारलं, की आपलं बोट इमारतीकडे जातं. पण मराठी बायबलने शब्द वापरला ‘मंडळी’. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजेही सभा, जमलेली माणसं. चर्चचं स्वरूप आपल्या भाषेने आधीच सांगून ठेवलंय.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे ओळखलं होतं. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही कल्पना. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

मग काही जण म्हणतात, ‘बघा, संस्था लागतेच!’ कबूल. पण संस्था कशासाठी? प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीकभाषी विधवांना डावललं जातंय, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. शिष्यांनाच सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक! ज्यांची तक्रार, वाढपी बहुधा त्यांच्यातलेच. म्हणजे मंडळीतली ही सुरुवातीची व्यवस्था जन्मली ती पंगतीत कुणी उपाशी राहू नये म्हणून.

या कसोटीवर आज आपण कुठे आहोत? आपल्या सभांचा वेळ जातो जमिनी, निवडणुका आणि कोर्टकज्जे यांत. १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी उभी राहिली. ऐक्य मोठंच. पण सोयरीक जुळवताना आपल्यातही ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून निघतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. त्याविरुद्धची मागणी न्याय्यच आहे, आम्ही तिच्या बाजूने आहोत. मात्र सरकारकडे समता मागणाऱ्या मंडळीने ती आधी घरच्या पंगतीत वाढायला नको का?

मिशन म्हणजे प्रवचन की दवाखाना, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो. दोन्ही हवेत. पण सुवार्ता ऐकणारा आधी सांगणाऱ्याची पंगत बघतो. तेव्हा पंचकमिटीच्या पुढच्या सभेत जमिनीचा विषय दुसरा घ्या. पहिला विषय एवढाच: आपल्या वाटपातून कोण सुटलं, आणि वाढपी म्हणून आता त्यांच्यातलं कोण बसणार?